पहिल्या धोट्याआधी

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याच्या गच्चीवर
दुसरी पाळी सुटली की आम्ही बसतो.
एप्रिलची रात्र, सिमेंट अजून तापलेलं,
दोन टेबलं, अठरा माणसं,
आणि चिप्सच्या जागी शाळेच्या युनिफॉर्मची बटणं:
पांढरं पंचवीस, खाकी शंभर,
निळं, चार भोकांचं, पाचशे.
पैसा नाही. पहिल्या तिघांना एकेक चादर,
मालकाच्या जुन्या मागावरची, दुकानात न मिळणारी.

खेळ मला शिकवला मल्लेशम कुरापाटींनी.
चाळीस वर्षं जकार्डचे पत्ते ठोकले त्यांनी,
पुठ्ठ्यात एकेक भोक.
म्हणायचे, "मोराचा डोळा इथंच होतो बे,
माग सुरू व्हायच्या आधी.
धोटा काय, नंतर नुसता पळतो."

तसंच हे, म्हणायचे.
टेबलावर तीन पानं उलटतात तो नंतरचा आवाज.
तुझं काम त्याच्या अलीकडं,
हातात दोनच पानं असताना.

दोन एक्के आले की माणूस उगाच लाजतो,
गप्प बसतो, सगळ्यांना आत येऊ देतो.
मल्लेशम कपाळावर हात मारून घ्यायचे.
"एकटा आला तर दहात आठदा तुझं.
चौघं शिरले की निम्मंच उरतं.
दार उघड, पण तिकीट लाव."
तिकीट ब्लाइंडच्या अडीचपट.
कुणी आधीच लंगडत आत आला असेल
तर माणशी एक ब्लाइंड वर.
आणि एक्के असोत की राण्या, आकडा तोच,
"नाहीतर बटणांवरनंच वाचतील तुला."

एक्का-राजाला ते ठरलेलं लग्न म्हणत,
थाट सगळा, पण जोडी अजून व्हायचीय.
गुलामांच्या जोडीचं विचारलं
की पाणी प्यायला उठत.

त्या रात्री आम्ही चौघं उरलो. चादरी तीन.
दर वीस मिनिटांनी कुणाचा तरी मोबाइल वाजायचा, ब्लाइंड चढायचे,
आणि बटणं तेवढीच असून
माझा ढीग आटत अकरा ब्लाइंडवर आलेला.
इरफान शाबादीकडं तीनच.
एक-दोन डाव कळ काढली असती
तर तोच आधी उठला असता.

तेवढ्यात गुरुपाद हत्तुरेनं सगळं पुढं लोटलं,
माझ्या दुप्पट, दोन्ही हातांनी.
मी पानांचे कोपरे उचलले:
राजा इस्पिकचा. राजा चौकटचा.

खाली तिसऱ्या पाळीचे माग चालू होते.
मला चादर दिसत होती, तिची घडीसुद्धा.
आणि मल्लेशमांचं ऐकू येत होतं,
"राजे टाकायची रात्र दहा वर्षांत एकदा येते बे,
आणि ती आजची नसते."
लोटलं मीही.

हत्तुरेकडं एक्का-राणी, दोन्ही किलवर.
दहात सातदा माझं.
चौथं पान बदामचा एक्का.

कुणी ओरडलं नाही. पाचवं पानही कुणी नीट बघितलं नाही.
शाबादी "माफ कर भावा" म्हणाला
आणि माफी मागतानाच चादरीचा पोत चाचपत होता.

सकाळी साखर पेठेत गेलो.
मोतीबिंदू झाल्यापासून मल्लेशम जिने चढत नाहीत.
कडक भाकरी चहात बुडवत त्यांनी
कोण जिंकलं ते विचारलंच नाही.
काय होतं? किती ब्लाइंड?
लोटलं कुणी, कुठल्या जागेवरनं?
मी सांगत गेलो, ते बोटांच्या पेरांवर मोजत गेले.
"भोक बरोबर पडलंय," म्हणाले.
मी एक्क्याचं काढलं तर हातानंच थांबवलं.
"सूत तुटतं. त्याचं मला कशाला सांगतोस?"

निघताना रुमाल काढायला गेलो
तर खिशातून निळं बटण घरंगळलं, चार भोकांचं.
पाचशे.
म्हणजे सगळं लोटलंच नव्हतं मी.
मी खरोखर हरलो होतो का, हा मुद्दा
मी जरा जोरातच मांडला.

मल्लेशमांनी सदऱ्याचं तिसरं काज दाखवलं, रिकामं.
"आण इकडं," म्हणाले.